तारेखाली उभं इंजिन

मालगाडी जाईपर्यंत फाटकावर थांबून आपण डबे मोजतो. पुढच्या इंजिनाकडे कोण बघतंय? तीस वर्षं देशाचा कोळसा, खत, सिमेंट आणि साखर ओढणारं ‘डब्ल्यूडीजी-३ए’ आता यार्डाच्या कडेला दिसू लागलंय. बिघडलं म्हणून नाही, डोक्यावर तार आली म्हणून.

मिरजेला मामाकडे गेलं की पहिल्या रात्री झोपेचं खोबरं ठरलेलं. घरापासून रूळ जवळ आणि यार्डात मध्यरात्री एखादं इंजिन हमखास उभं असायचं. धक्, धक्, धक्... मध्येच एखादा ठोका चुकल्यासारखा वाटायचा आणि परत सुरू. खिडकीची काच त्याच तालात थरथरायची. मी सहावी-सातवीत असेन, वैतागून विचारलं होतं, ‘मामा, गाडी तर उभीच आहे, मग हे बंद का नाही करत?’ मामा कूस बदलत म्हणाला, ‘बंद केलं तर सकाळी धक्का मारायला तू जाणार का? झोप आता.’

गेल्या दिवाळीत गेले, तर रात्र शांत. इतकी शांत, की परत झोप लागेना. दुसऱ्या दिवशी स्टेशनच्या पुलावर जाऊन उभी राहिले. रुळांवर आता विजेच्या तारा होत्या. एक विजेचं इंजिन आलं, मालगाडी घेऊन गुपचूप निघूनही गेलं. बाजूच्या एका रुळावर मात्र एक डिझेल इंजिन उभं होतं, थंडगार. अंगावर धुळीचा थर, चाकांजवळ गवत. बाजूला मोठ्या अक्षरांत शेडचं नाव, ‘पुणे’. खाली नंबर आणि वर्ग : डब्ल्यूडीजी-३ए.

नाव वाचून वाय-फायचा पासवर्ड वाटेल, पण ते कोडं सोपं आहे. डब्ल्यू म्हणजे ‘वाइड’, आपला रुंद ब्रॉडगेज रूळ. डी म्हणजे डिझेल. जी म्हणजे गुड्स, मालगाडीचं. ३ म्हणजे तीन हजार हॉर्सपॉवर आणि शेवटचा ए म्हणजे वर आणखी शंभर. एकूण ३,१०० हॉर्सपॉवरचं, मालगाडी ओढणारं, ब्रॉडगेजवरचं डिझेल इंजिन. पहिलं बाहेर पडलं १९९५ मध्ये, वाराणसीच्या डिझेल इंजिन कारखान्यातून. पुढची वीस वर्षं ही इंजिनं बनत राहिली, ११०० हून जास्त. म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांच्या वयाचीच ती आहेत. काही तर आपल्याहून लहान.

पाठीवर वीजघर

गंमत अशी, की या डिझेल इंजिनाची चाकं डिझेल फिरवतच नाही. कॉलेजात मित्रमैत्रिणींना विचारून पाहिलं. मेकॅनिकलवाले सोडले तर कोणालाच हे माहीत नव्हतं, आणि मेकॅनिकलवाल्यांपैकीही एक-दोघं गडबडले.

बाइकला क्लच असतो, गिअर असतात. आता कल्पना करा, तुमच्या मागं ५८ वॅगन जोडल्यात. कोळशाची एक भरलेली वॅगन साधारण ८१ टनांची. सगळ्या मिळून ४,७०० टन. ही रांग उभ्यापासून हलवायला क्लच सोडायचा म्हटला, तर क्लचचा तिथंच धूर होईल. म्हणून या इंजिनात गिअरबॉक्सची भानगडच नाही. आतलं डिझेल इंजिन एक मोठा अल्टरनेटर फिरवतं आणि त्यातून वीज तयार होते. ती वीज खाली सहा मोटारींना मिळते, प्रत्येक आसावर एक मोटार. चाकं फिरवतात त्या मोटारी. म्हणून याला डिझेल-इलेक्ट्रिक म्हणायचं. खरं तर हे विजेवरचंच इंजिन. फक्त आपलं वीजघर पाठीवर घेऊन हिंडणारं. हे वाक्य लक्षात असू द्या, पुढं लागणार आहे.

त्या वीजघराचा आकारही सांगते, कारण आपल्याला सीसीची भाषा कळते. व्ही आकारात १६ सिलिंडर. एकेका सिलिंडरची क्षमता जवळपास ११,००० सीसी. सोळांची बेरीज पावणेदोन लाख सीसी. बाइकचा आकडा आठ-नऊ हजारांवर गेला की आपल्याला भारी वाटतं. हे महाशय पूर्ण ताकदीनं धावतानाही मिनिटाला १,०५० फेरे घेतात, त्याहून जास्त नाही. उभं असताना ते चारशेच्या आसपास येतं. मामाच्या खिडकीत वाजायचं ते हेच चारशे.

आणि बंद का करत नव्हते, त्याचं उत्तर मामाच्या टोमण्यातच होतं. एवढं धूड गार पडलं की परत सुरू करायला बॅटरीवर ताण येतो. इंजिन बंद म्हणजे हवा भरणारा कॉम्प्रेसरही बंद. गाडीचे ब्रेक हवेवर चालतात आणि हवा हळूहळू गळते. मग ती पुन्हा भरेपर्यंत गाडी हलत नाही. सिग्नल कधी मिळेल ते ठाऊक नसतं, म्हणून इंजिन तासन्‌तास चालूच ठेवायचं. तासाला वीस-पंचवीस लिटर डिझेल, एक मीटरही पुढं न जाता. नंतर रेल्वेनं काही इंजिनांत यासाठी एक छोटं जोडइंजिन बसवलं. थांबलेल्या वेळात तेच बॅटरी आणि हवेचं काम बघतं आणि मोठं इंजिन झोपतं. पण मिरजेच्या त्या रात्रींना ते काही पोचलं नव्हतं.

मेलेल्या कंपनीचं जिवंत इंजिन

रेलफॅन मंडळींना या आवाजाचं वेड आहे. इन्स्टावर शोधा, कोणीतरी पहाटे चार वाजता एखाद्या वळणावर मोबाइल धरून उभं राहिलेलं असतं, फक्त हे इंजिन दम टाकत चढ चढताना ऐकायला. त्या सगळ्यांच्या बोलण्यात एक शब्द येतो : ‘ॲल्को’.

ॲल्को म्हणजे अमेरिकन लोकोमोटिव्ह कंपनी, न्यूयॉर्क राज्यातल्या स्केनेक्टडी गावची. साठच्या दशकाच्या सुरुवातीला भारताला डिझेल इंजिनं हवी होती, पण नुसती विकत नको, बनवायचं तंत्रही हवं होतं. अमेरिकेतली त्या वेळची सगळ्यात मोठी इंजिन कंपनी होती जनरल मोटर्स. तिचीही इंजिनं भारतात आली, चालवूनही पाहिली. पण तंत्र द्यायला ती तयार नव्हती. धंद्यात मागं पडलेली ॲल्को तयार झाली. वाराणसीत कारखाना उभा राहिला आणि जानेवारी १९६४ मध्ये तिथलं पहिलं इंजिन लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते देशाला अर्पण झालं. ते ‘डब्ल्यूडीएम-२’, २,६०० हॉर्सपॉवरचं. जुन्या हिंदी सिनेमात स्टेशनवर जे नाकाड्या डिझेल इंजिन दिसतं, ते बहुतेक वेळा हेच. भारतात ती २,६०० हून जास्त बनली.

इकडं वाराणसीत उत्पादन जोरात, आणि तिकडं अमेरिकेत १९६९ मध्ये ॲल्कोनं इंजिनं बनवणंच बंद केलं. ज्यांच्याकडून शिकलो त्यांचं दुकान बंद. पण धडा वहीत उतरवून घेतला होता. वाराणसीच्या इंजिनिअरांनी त्याच १६ सिलिंडरवर काम चालू ठेवलं. टर्बोचार्जर सुधारला, डिझेलची भूक कमी केली, २,६०० चे ३,१०० हॉर्सपॉवर केले. ३ए ही त्या कुळातली मालगाडीसाठीची शाखा. मूळ कंपनी संपल्यावर सव्वीस वर्षांनी जन्मलेली आणि २०१५ पर्यंत बनत राहिलेली. आपण ‘मेक इन इंडिया’ हे शब्द ऐकले त्याच्या खूप आधी हे चालू होतं.

याच इंजिनाचा एक चुलतभाऊ वेगळ्याच नोकरीत आहे. अमेरिकेत केनेडी अंतराळ केंद्रात रॉकेटला उभ्यानं लाँच पॅडपर्यंत नेणारी दोन अजस्र वाहनं आहेत, क्रॉलर म्हणतात त्यांना. चंद्रावर माणूस नेणारं सॅटर्न-५ रॉकेट त्यांच्यावरूनच गेलं. २०२२ मध्ये आर्टेमिस-१ गेलं तेही. त्या क्रॉलरच्या पोटात ॲल्कोची २५१ जातीची १६ सिलिंडरची डिझेल इंजिनं आहेत. आपल्या मालगाडीच्या इंजिनाची जातही तीच, २५१. मामाला हे सांगितलं. तो म्हणाला, ‘तरीच झोपू देत नव्हतं.’

रुपयाएवढ्या जागेवर दहा टन

मालगाडीच्या इंजिनाला पळायचं नसतं, ओढायचं असतं. ३ए चा कमाल वेग ताशी १०० किलोमीटर. खरा प्रश्न पकडीचा आहे.

स्टीलचं चाक स्टीलच्या रुळावर टेकतं ती जागा साधारण रुपयाच्या नाण्याएवढी. इंजिन १२३ टनांचं, चाकं बारा. म्हणजे एकेका नाण्यावर दहा टनांहून थोडं जास्त वजन. एवढ्या बळावर मागचे हजारो टन हलवायचे. मोटारीनं जास्त जोर लावला की चाक जागच्या जागी फिरतं, पावसात ओल्या फरशीवर चप्पल सटकते तसं. मग चाकापुढं रुळावर वाळू सोडतात. हो, खरंच वाळू. प्रत्येक इंजिनात वाळूच्या पेट्या असतात.

बाइकवर एकदम ॲक्सिलरेटर पिळला की पुढचं चाक हलकं होतं, हे सगळ्यांनी अनुभवलंय (काहींनी मुद्दाम). इंजिनाचंही तसंच होतं. ओढताना पुढच्या आसांवरचं वजन कमी होतं आणि तीच चाकं आधी घसरतात. जुन्या डब्ल्यूडीएम-२ च्या बोगीत हा त्रास जास्त होता. ३ए साठी बोगीच नवी घेतली. तीत तिन्ही मोटारी एकाच दिशेनं बसवल्या, म्हणजे वजन आसांवर जास्त सारखं राहतं. वरचं इंजिन जवळपास तेच, पण पाय नवे. त्यामुळं सुरुवातीची ओढ ३० टनांवरून ३८ टनांच्या घरात गेली. ३ए चं खरं यश हे आहे. ३,१०० हा आकडा पोस्टरवर छान दिसतो, पण मालगाडी हलली ती बोगीमुळं.

३८ टन म्हणजे किती? दूधसागरला गेला असाल तर तिथल्या घाटाचं गणित करू. (रुळांवरून चालायला तिथं बंदी आहे, तरी तुमच्यातल्या काहींच्या फोनमध्ये ते फोटो आहेत, मला माहितेय.) कॅसलरॉक ते कुळे या ब्रगांझा घाटाचा चढ १:३७. ३७ मीटर पुढं गेलं की एक मीटर वर. अशा चढावर प्रत्येक टन वजन आपल्याला साधारण २७ किलोच्या जोरानं मागं खेचतं. ४,७०० टनांची गाडी असेल, तर १२७ टनांची खेच. ती उलट ओढायला ३ए किती लागतील? कागदावर चार, आणि तीही क्षणभर सगळा जोर लावून. शिवाय इंजिनांना स्वतःचं वजनही चढवायचं असतं. म्हणून घाटात पुढं इंजिनं आणि मागून ढकलायलाही इंजिनं. दूधसागरच्या पुलावर मालगाडी आली की पुढं दोन आणि मागं तीन इंजिनं दिसायची, ती यासाठी.

पण त्या घाटात नाव झालं ते ३ए चं नाही, ‘डब्ल्यूडीजी-४’ चं. हुबळीच्या शेडची ही इंजिनं जनरल मोटर्सच्या घराण्यातली. तीच कंपनी, जी साठच्या दशकात तंत्र द्यायला तयार नव्हती. नव्वदच्या दशकात ती तंत्र देऊन करार करून गेली. आणि तो करार झाला १९९५ मध्ये, ज्या वर्षी ३ए जन्माला आलं. म्हणजे बारसं आणि सवत एकाच वर्षी. डब्ल्यूडीजी-४ च्या मोटारी एसी प्रवाहावरच्या आणि चाक घसरायच्या आत ओढ सावरणाऱ्या. तिची ओढ ५० टनांच्या वर. घाटासाठी तीच बरी, हे ३ए च्या चाहत्यांनीही मान्य करावं.

उतरताना आणखी वेगळी कसरत. तेवढाच भार मागून ढकलत असतो आणि नुसते ब्रेक दाबत राहिलं तर चाकं तापून निकामी होतील. मग मोटारींचं काम उलटं करतात. फिरणारी चाकंच मोटारी फिरवतात, मोटारी वीज तयार करतात आणि ती वीज इंजिनाच्या वरच्या भागात असलेल्या जाळ्यांमध्ये जाळून टाकतात, आपल्या हीटरच्या कॉइलसारखी. ३ए मध्येही ही सोय आहे. उतरण संपेपर्यंत घाटाची सगळी ऊर्जा हवेत गरम होऊन जाते.

पाणी आणि कोळसा

माझ्या वयाच्या, मराठवाड्यातून आलेल्या कोणालाही एप्रिल २०१६ विचारा. लातूर शहरात नळ कोरडे पडले होते. तेव्हा मिरजेहून रेल्वेनं पाणी गेलं, ‘जलदूत’. पहिल्या फेरीत १० टाकी-वॅगन, पाच लाख लिटर. नंतर ५० वॅगनची गाडी, एका फेरीत २५ लाख लिटर. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, लातूर. एकेकाळच्या बार्शी लाइट रेल्वेची ही वाट, ३४२ किलोमीटर. या वाटेवर तेव्हा विजेची तार नव्हती. ती गाडी डिझेलवरच गेली, दुसरा इलाज नव्हता. टीव्हीवर टाक्या दिसल्या, पाइप दिसले, पुढारी दिसले. इंजिन फार कमी वेळा दिसलं.

महाराष्ट्राच्या या अर्ध्या भागाचं हे वास्तव आपण विसरतो. मुंबईत पहिली विजेची गाडी १९२५ मध्ये धावली. पुणे-मिरज-कोल्हापूर, मराठवाड्यातले बहुतेक मार्ग आणि कोकण रेल्वे मात्र अगदी काल-परवापर्यंत डिझेलवर होते. कोकण रेल्वेचं विद्युतीकरण पुरं झालं २०२२ मध्ये, म्हणजे मुंबईनंतर ९७ वर्षांनी. या सगळ्या काळात साखर बाहेर गेली आणि खत आत आलं ते डिझेलच्या जिवावर. मालगाडीसाठी बनलेलं ३ए मिरज-कोल्हापूरकडच्या प्रवासी गाड्यांनाही सर्रास लागायचं. कामाला नाही म्हणायची सोय नव्हती.

परळीच्या औष्णिक वीज केंद्रालाही कोळसा रेल्वेनंच येतो. देशभरात रेल्वे जो माल वाहते त्यात जवळपास निम्मं वजन एकट्या कोळशाचं. डिझेल मार्गांवर तो वर्षानुवर्षं अशाच इंजिनांनी ओढला. मघाशी म्हटलं ना, हे इंजिन आपलं वीजघर पाठीवर घेऊन हिंडतं? विद्युतीकरणात झालं काय, तर ते पाठीवरचं वीजघर काढून परळीला, चंद्रपूरला ठेवलं आणि वीज तारेतून आणली. आपल्याकडची बरीचशी वीज अजून कोळशाचीच आहे. ३ए नं ज्या वीज केंद्रांना वीस-पंचवीस वर्षं कोळसा पोचवला, त्यांचीच वीज आता त्याच्या डोक्यावरून जाते.

याचा अर्थ विद्युतीकरण चुकीचं, असं मी म्हणत नाहीये. आयातीच्या तेलावरचं डिझेल महाग आणि तारेत उद्या सौर-पवनची वीजही घालता येते. डिझेलच्या टाकीत नाही. ताकदीचा हिशेबही सरळ आहे. दोन ३ए जोडून ६,२०० हॉर्सपॉवर होतात. विजेचं एकटं डब्ल्यूएजी-९ ६,००० च्या वर देतं. एक इंजिन कमी, धूर नाही. ३ए चा धूर काय असतो ते फाटकावर उभ्या राहिलेल्यांना सांगायला नको. चालकानं नॉच वाढवला की डिझेल लगेच जास्त जातं, पण टर्बोचार्जरला वेग घ्यायला वेळ लागतो. हवा कमी पडते आणि काळा लोट वर जातो. रीलमध्ये तो लोट देखणा दिसतो. रुळाशेजारी दोरीवर कपडे वाळत घालणाऱ्या बाईला विचारा.

चालकांसाठीही ही काही स्वर्गातली नोकरी नव्हती. केबिन एकाच टोकाला. इंजिन उलटं जोडलं गेलं, की लांबलचक नाकामागून डोकावत सिग्नल शोधायचे. आत स्वच्छतागृह नाही. ड्यूटी आठ-दहा तासांची, गाडी कधी कुठल्या जंगलात थांबेल याचा नेम नाही. रेल्वेत आता असिस्टंट लोको पायलट म्हणून मुलीही येतात. इंजिनाचा आवाज मिस करणाऱ्या आम्ही मंडळींनी हेही एकदा डोळ्यांपुढं आणावं.

छत्तीस वर्षांचा वायदा

मग माझं दुखणं काय आहे? आकड्यांचं आहे.

रेल्वेत डिझेल इंजिनाचं आयुष्य ३६ वर्षं धरतात. अठराव्या वर्षी मोठी दुरुस्ती, की पुढं तेवढीच वर्षं. म्हणजे १९९५ च्या पहिल्या ३ए नं २०३१ पर्यंत चालायचं होतं. आणि २०१५ मध्ये बाहेर पडलेल्या शेवटच्यांनी २०५१ पर्यंत. सप्टेंबर २०१८ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं उरलेल्या सगळ्या ब्रॉडगेज मार्गांच्या विद्युतीकरणाला मंजुरी दिली. आज ते जवळपास पूर्ण झालंय. म्हणजे काही इंजिनांना आयुष्यातली पहिली दहा वर्षंही धड मिळाली नाहीत. आमच्या बॅचमधल्या काहींना जॉइनिंगच्या आधीच ऑफर लेटर मागं घेतल्याचे मेल आलेत. त्यांना हे चटकन कळेल.

आणखी एक गोष्ट मला पचत नाही. २०१५ मध्ये, म्हणजे ३ए चं उत्पादन थांबलं त्याच वर्षी, रेल्वेनं बिहारमधल्या मढौरा इथं जीई कंपनीशी करार केला. एक हजार नवी डिझेल इंजिनं, ७०० साडेचार हजार हॉर्सपॉवरची आणि ३०० सहा हजारांची. तीनच वर्षांनी सगळीकडे तार नेण्याचा निर्णय झाला. एका हातानं हजार डिझेल इंजिनांची ऑर्डर, दुसऱ्या हातानं डिझेलची सुट्टी. तो कारखाना आज आफ्रिकेतल्या गिनीला इंजिनं पाठवतो, हे चांगलंच. पण जुन्या, अर्ध्या आयुष्याच्या इंजिनांसाठी एवढी दूरदृष्टी कुठं दिसत नाही.

तसा एक प्रयत्न झाला होता, आणि तो मला फार आवडला. वाराणसीच्या कारखान्यात दोन ३ए घेतली. त्यांच्या आतलं डिझेल इंजिन काढलं, वर पँटोग्राफ चढवला आणि दोघांचं मिळून १०,००० हॉर्सपॉवरचं विजेचं जोडइंजिन केलं. कल्पना सुचल्यापासून गाडी बाहेर पडेपर्यंत ६९ दिवस. आमच्या कॉलेजच्या फेस्टचं प्लॅनिंग याहून जास्त चालतं. फेब्रुवारी २०१९ मध्ये पंतप्रधानांनी त्याला हिरवा झेंडा दाखवला. डिझेलचं इंजिन विजेवर आणण्याचा जगातला पहिलाच प्रयोग, असं रेल्वेनं सांगितलं. विचार केला तर साधी गोष्ट आहे. हे मुळात विजेचंच इंजिन, फक्त पाठीवरचं वीजघर उतरवायचं होतं. पण झेंडा दाखवून झाला आणि अशा इंजिनांची रांग काही लागली नाही. रेल्वेनं नवी विजेची इंजिनं बनवण्यावरच भर दिला. कारखान्याचं नावही बदललं. २०२० पासून ते ‘बनारस रेल इंजिन कारखाना’, त्यातलं डिझेल गेलं.

काही भावंडांना परदेशी नोकरी लागली. ३ए चं सख्खं भावंड असलेली डब्ल्यूडीएम-३डी जातीची दहा इंजिनं २०२० मध्ये बांगलादेशाला दिली, २०२३ मध्ये आणखी वीस. तिथं त्यांना काम आहे. इथं उरलेल्यांपैकी काही यार्डात डबे इकडचे तिकडे करतात, काही अडीअडचणीला ठेवलीत. अडचण येतेही. ३० आणि ३१ जुलै २०१२ ला उत्तर भारताची वीज गेली, शेकडो गाड्या जागच्या जागी थांबल्या. तेव्हा अडकलेल्या गाड्या ओढायला डिझेल इंजिनंच पाठवली होती. तार तुटली, वीज गेली, तर स्वतःच्या पायावर चालणारं काहीतरी हाताशी लागतंच. फक्त ‘हाताशी’ म्हणजे चालू स्थितीत. गवतात उभं असलेलं इंजिन एका फोनवर निघत नाही.

आणि त्याला चालू ठेवणारे हात? डिझेल शेडमधली माणसं आवाजावरून सोळांपैकी कुठला सिलिंडर रुसलाय ते ओळखतात, असं म्हणतात. देशातल्या बऱ्याच डिझेल शेडमध्ये आता विजेची इंजिनंही येतात आणि तीच माणसं पन्नाशीत नव्यानं प्रशिक्षण घेतायत. ज्यांच्या हाताला ग्रीस आणि कानाला ठोके ठाऊक, ते आता स्क्रीनवर बिघाडाचे कोड वाचतात. जमतंय त्यांना. पण त्यांचं जुनं ज्ञान कुठं लिहून ठेवलंय का, हे मात्र कोणीतरी विचारायला हवं. पत्रकारितेच्या पोरांना प्रोजेक्टला विषय मिळत नाहीत म्हणे. घोरपडीचं शेड पुणे स्टेशनपासून रिक्षाच्या अंतरावर आहे.

मिरजेच्या पुलावरून मी त्या इंजिनाचे फोटो काढले. मग लक्षात आलं, की आवाज नाहीये, तर फोटो बघून कोणाला काय कळणार? मोबाइलमध्ये जुनं काही सापडतंय का ते रात्री चाळलं. दहावीच्या सुट्टीतला एक व्हिडिओ मिळाला, मामाच्या गच्चीवर केक कापतानाचा. सगळे ओरडतायत, टाळ्या वाजवतायत. मागं कुठंतरी, अगदी बारीक, धक्, धक्, धक्. मामाला ऐकवला. त्यानं मोबाइल कानाला लावला, एकदा ऐकला आणि म्हणाला, ‘परत लाव.’